बर्फ बघून आलेला माड

मी माड बोलतोय. मालवणच्या वरच्या अंगाला खाडीकाठी आमची वाडी आहे. तिथे होडी लागते त्या धक्क्याच्या जरा वर मी उभा आहे. बुंधा थोडा वाकडा आहे माझा, तेवढी खूण लक्षात ठेवा. तरीही चुकलात तर कुणालाही विचारा, "बर्फातलो माड खंय आसा?" शेंबडं पोरसुद्धा बोट करून दाखवील.

आता तुम्ही म्हणाल, माडाचा आणि बर्फाचा काय संबंध? आमच्याकडे बर्फ म्हणजे बंदरावरच्या कारखान्यातली लादी. गोणपाटात गुंडाळून येते, दांडक्याने फोडतात, मासळीवर पसरतात आणि दुपार कलली की तिचं पाणी होतं. आमच्या बाजूच्या माडांना दर्या ठाऊक, खारा वारा ठाऊक, शेंड्यावर बसणारे कावळे ठाऊक. पण बर्फाच्या तळ्यावरून घसरत जाऊन पुन्हा घरी आलेला माड या किनाऱ्यावर मी एकटाच. हे मी शेंडा वर करून सांगतो.

पण माझी गोष्ट सांगायची तर आधी किशोरीची सांगायला हवी. ती नसती तर मी कधीच कुणाच्या तरी सोलकढीत गेलो असतो.

माझा जन्म बाळाच्या परसातल्या जुन्या माडावर नारळ म्हणून झाला. बाळा म्हणजे किशोरीचा नवरा. दुसऱ्यांच्या बोटीवर जायचा, माणूस हसरा आणि कमी बोलणारा. त्याची आई पार्वती डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. तिचा आवाज वाडीच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जायचा. मी वर भावंडांच्या दाटीत वाढत होतो आणि खालचं सगळं बघत होतो.

किशोरी कसालची. तिचे आईवडील कसालच्या बाजारात सुकी मासळी विकत. जातीने दर्यावर्दी खरे, पण दर्यापासून लांब राहिलेले. त्यामुळे पार्वती येता-जाता टोमणा मारायची, "सुक्या बाजारात्सून आणलली सून आमची, ओल्याक भियता!"

किशोरी माशाला भीत नव्हती. ती पाण्याला भ्यायची. आणि लेक उर्वशी झाल्यापासून सगळ्यालाच भ्यायला लागली. वारा सुटला की भीती, वारा पडला तरी भीती. चेडू, म्हणजे पोर, जरा खोकलं की ही ओवा-हिंग शोधायला धावायची. आणि बराच वेळ खोकलं नाही तर ही हातातलं काम टाकून श्वास चाललाय ना ते बघून यायची. ज्या बाईला लेकरू आहे तिला हे मी वेगळं सांगायला नको.

उर्वशी नुकती चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावर उभी असताना परत जाणाऱ्या लाटेने तिच्या पायाखालची वाळू ओढली आणि ती बदकन बसली. बाळाने लगेच उचलली. पोर तर हसत होती. पण किशोरीच्या डोळ्यांपुढून ती लाट काही हटेना. त्या दिवसापासून उर्वशीचं मनगट आणि आईच्या पदराचं टोक यांची गाठ पडली ती पडलीच. बाजारात गाठ, देवळात गाठ, शेजारच्या अंगणात गेलं तरी गाठ. खलाशाची पोर, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. तिच्या गुडघ्याला साधं खरचटलेलं नव्हतं. इतर पोरं खेळायला लागली की ही आईकडे बघायची, आई मान हलवायची, आणि ही खाली बसून शिंपले मोजायची.

अडचण आली शाळेची. शाळा खाडीपलीकडे. वाडीतली सगळी पोरं लवूकाकाच्या होडीतून जायची. एक जून किशोरीने "लहान आसा अजून" म्हणून टाळला. पुढच्या वर्षाचं मात्र बाळाने दिवाळीतच सांगून टाकलं.

"ह्या जूनात चेडू एकतर होडयेत बसतला, नायतर कसालाक तुझ्या आवशीकडे ऱ्हवाक जातला. शाळेशिवाय मी तेका ठेवचंय नाय."

होडीत घालायची तर किशोरीची छाती होत नव्हती. लांब पाठवायची तर जीव होत नव्हता. मी वरून बघायचो, भांडी घासताना तिचा हात मध्येच थांबायचा.

अशातच माझी आणि तिची गाठ पडली. गाठ कसली, मी पडलोच! दुपारी माडाखाली बसून ती उर्वशीच्या केसांतून फणी फिरवत होती. माझा देठ वाळला होता. सुटला. मी धप्पकन येऊन पोरीच्या अगदी हाताशी पडलो. किशोरी अशी किंचाळली की वाटेवरची कुत्री भुंकायला लागली.

पार्वती धावत आली. "काय झाला गो?"

"आई, नारळ! चेडवाच्या डोक्यात पडलो असतो!"

"पडलो काय?"

"नाय, पण पडलो असतो तर?"

"नारळाक डोळे आसतत बाय. माणूस बघून पडता तो." म्हातारीने मला उचलून कौतुकाने झटकलं. "ह्येणा चेडवाक वाचवल्यान. आता हो खाऊचो नाय. हो देवाचो."

आता खरं सांगतो, मला डोळे तीन आहेत पण ते सालीच्या आत. मी काही बघूनबिघून पडलो नव्हतो. देठ सुटला, पडलो. पण म्हातारीचं बोलणं ऐकून बरं वाटलं. मी देवाच्या कोनाड्याखाली जाऊन बसलो. किशोरी मात्र झाडताना माझ्याकडे अशी बघायची, जसा काही मी कट करून पडलो होतो.

त्याच महिन्यात तुळसाकाकीचा मुलगा नितेश रजेवर आला. तुळसाकाकी म्हणजे वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायकांच्या बचत गटाची म्होरकी. नितेश उत्तरेत, पहाडात, एका लष्करी तळावर स्वयंपाकी होता. गटाच्या बायका दरवर्षी सहलीला जात. नरसोबाची वाडी झाली होती, जोतिबा झाला होता. या वर्षी कुठे जायचं याची चर्चा बाळाच्या पडवीत चालली होती आणि मी आतून ऐकत होतो.

नितेश मध्येच म्हणाला, "आये, आमच्या थंय ह्या दिवसांत आख्खो तलाव गोठता. पोरां पायांक लोखंडाचे पट्टे बांधून त्येच्यार सुर्रकन घसारत जातत."

"गप रे!" तुळसाकाकी म्हणाली. "बर्फाची लादी मशिनीत होता. तळ्याची लादी कशी होतली?"

"आये, तळाच लादी होता."

"आणि मासे खंय जातत?" हे विचारणारी वर्षाली. गटातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात खिदळणारी.

"मासे खाली. जित्ते."

"अगो बाय!" वर्षालीने कपाळाला हात लावला. "वर बर्फ आणि खाली जित्ते मासे! आमी मेल्या माशार बर्फ घालतंव तो!"

पडवी हसून हसून लोळली. तुळसाकाकीने मात्र पदर खोचला. "माका बघूचा आसा. जल्मभर बर्फ फोडलंय. त्येचा माह्यार तरी एकदा बघूया."

पुरुषांनी कुरकुर केली. ऐन हंगामात बायका गेल्यावर मासे कोण विकणार? "तुमी इका," तुळसाकाकी म्हणाली. "पाटी आमच्याच डोक्याक चिकटलली नाय."

किशोरीने नाही म्हणून सांगितलं. थंडी, एवढा लांबचा प्रवास, परकी माणसं, आणि वर पाण्याचं तळं. त्या दिवशी ती चुलीपुढे बसली होती. गाठ पदराला तशीच होती. उर्वशीने ती गाठ बोटाने चाचपली. मग हळूच म्हणाली, "आये, थंयचा पाणी घट्ट आसा मा?"

"आसात."

"मगे थंय तरी माका सोडशीत?"

किशोरीने चुलीत फुंकर मारली. एकदा मारली, दोनदा मारली. धूर काही तेवढा नव्हता, पण डोळे पुसले. आणि दुसऱ्या दिवशी ती कपड्यांची बॅग झटकायला लागली.

त्या बॅगेत काय काय गेलं! पोरीला दोन स्वेटर, कानटोप्या, लोकरीचे हातमोजे, तापाच्या गोळ्या, ओवा, हिंग, आलेपाक, सुक्या जवळ्याची चटणी. निघताना पार्वतीने मला आणून दिलं. "पाण्यार जातास, देवाचो नारळ न्हेवा. असोलोच असू दे, सोललेलो वाटेत फुटात." असोला म्हणजे सालीसकट. आता तुम्हाला कळलं, मी अजून जिवंत का आहे ते. उर्वशीच्या जुन्या फ्रॉकात गुंडाळून मी बॅगेत बसलो.

आमच्याकडे रेल्वे नवी होती तेव्हा. गाडीत बसलो कुडाळला. बायकांनी डबा असा डोक्यावर घेतला होता की पलीकडचा एक गृहस्थ आपली उशी उचलून दुसरीकडे गेला. गाणी झाली, चटणी-भाकरी झाली. एका स्टेशनावर बर्फात ठेवलेले मासे दिसले तर वर्षालीने खिडकीतूनच भाव विचारला. किशोरी तेवढी जागी बसलेली. उर्वशी झोपली की गाठ तपासायची, उठली की कपाळ तपासायची. दिल्लीनंतर थंडी वाढत गेली. मग पहाडातली एसटी, वळणांवर वळणं, आणि सगळ्यांना उलट्या. दर्यात डुलणारी बोट कधी न लागलेल्या तुळसाकाकीलासुद्धा.

आणि एका सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो.

मला फ्रॉकातून बाहेर काढलं तेव्हा आधी काही कळेनाच. सगळीकडे नुसता उजेड. भोवती देवदाराची झाडं, आमच्यासारखीच उंच पण झावळ्यांऐवजी सुया असलेली. मध्ये तळं. पांढरं, थोडं निळसर, बघावं तिथवर सपाट. लाट नाही, गाज नाही. दूर तिथली पोरं खरंच घसरत होती. आमच्या बायका काठावर ओळीने उभ्या राहिल्या. नऊवारीवर स्वेटर, डोक्यावर नवऱ्यांच्या कानटोप्या, पायात कॅनव्हासचे बूट.

मग सुभद्रा नावाची एक आजी हळूच म्हणाली, "ह्यो बर्फ फोडूचो कोणी?"

"आमच्या बंदरार असतो तर वरीसभर पुरलो असतो गो!" दुसरी म्हणाली.

तुळसाकाकी वाकली. तिने बोटाच्या पेराने बर्फावर ठक-ठक केलं. मग माशाचे कल्ले उघडून हुंगावेत तसा बर्फाचा वास घेतला आणि निकाल दिला, "ताजो आसा."

नितेशने सकाळीच कुऱ्हाडीने भोक पाडून बघितलं होतं. "कोपरभर जाड आसा, काय होवचा नाय. चला."

पण एकीचाही पाय उचलेना. नारळ दिल्याशिवाय पाण्यावर जायचं नाही, ही आमच्या किनाऱ्याची रीत. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की मगच बोटी सुटतात. पाणी घट्ट असलं म्हणून रीत पातळ होत नाही. तुळसाकाकीने मला दोन्ही हातांत धरलं. हळद-कुंकू लावलं. एरवी गाऱ्हाणं घालणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं मागणं, हे पुरुषांचं काम, पण तिथे पुरुष म्हणजे एकटा नितेश, आणि तो लाजून मागे सरकला. तेव्हा तुळसाकाकीनेच घसा साफ केला.

"हे बा तळ्याच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका एका सुरात ओरडल्या. देवदारावरचा बर्फ खाली पडला.

"आज आमी मालवणच्या दर्यावरसून तुझ्या पायाकडे इलांव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी भाषा आमका येवक नाय, आमची तुका येवक नाय. पण पाण्याची भाषा एकच, ती समजून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो पाय घसारलो तर हात दी, कोणाचा हाड मोडू दिव नको, आणि पोराबाळांक जशी दिलंव तशी परत कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात किशोरीचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आणि तुळसाकाकीने मला फेकलं.

मी डोळे मिटले. आतलेच, पण मिटले. आता बुडणार, गार पाणी लागणार, एवढ्यासाठीच तर मला आणलं होतं. आणि खाली आलो तो ठण्ण! बुडलो नाहीच. टुणकन उडालो, पुन्हा आपटलो, आणि मग घसरायला लागलो. काय सांगू तुम्हाला ती मजा! वाऱ्याने झावळी हलते ते काहीच नाही. मी गरगर फिरत, सुसाट, तळ्याच्या मधोमध निघालो. कुंकू एकीकडे, मी एकीकडे. थांबायचं नावच नाही.

काठावर मात्र सगळ्यांची तोंडं उतरली. दर्यात टाकलेला नारळ असा परत उघड्यावर फिरताना कुणी बघितला नव्हता.

"नारळ घेतल्यान नाय गो देवान," सुभद्राआजी पुटपुटली.

किशोरी त्याचीच तर वाट बघत होती, काहीतरी वाईट होण्याची. तिने उर्वशीचं मनगट धरून ओढलं. "चल. देवाक नको आसा. आपण बसमधी बसूया."

उर्वशी माझ्याकडे बघत होती. "आये, आपलो नारळ चललो."

"जावंदे."

"माका वाचवल्यान हा तेणा!"

किशोरीने पदराची गाठ आवळली आणि पाठ फिरवली. दोन पावलं गेली आणि तिला पदर हलका लागला. मागे वळून बघते तर पदराच्या टोकाला लोंबतोय नुसता लाल हातमोजा. गाठ लोकरीवरून मारलेली होती. पोरीने हात अलगद काढून घेतला होता.

आणि उर्वशी तळ्यावर होती. माझ्या मागे धावत.

आयुष्यात कधी पाण्याच्या दिशेने न धावलेली किशोरी, काठ कुठे संपला आणि तळं कुठे सुरू झालं हे न बघता धावत सुटली. चौथ्या-पाचव्या पावलाला बूट सटकले. ती बसकन आपटली आणि बसल्या बसल्याच घसरायला लागली. नऊवारी बर्फावर अशी काही सरकते, विचारू नका. एक गिरकी, दुसरी गिरकी, कानटोपी उडाली, आणि उर्वशी मला उचलायला वाकली तेवढ्यात आई मागून येऊन तिच्यावर आदळली. मग आम्ही तिघं मिळून घसरलो. आई, मांडीत लेक, लेकीच्या मांडीत मी.

थांबलो तेव्हा सगळीकडे शांत होतं. खालून बर्फ बारीक आवाजात कुरकुरला, तेवढंच. किशोरीने पोरीचे हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं. उर्वशीच्या गुडघ्याला खरचटलं होतं. पहिल्यांदाच. पोर त्या खरचटण्याकडे दागिना बघावा तशी बघत होती.

"आये," ती म्हणाली, "भिजलंव नाय!"

किशोरीच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं रडते. पण ती हसत होती. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतकं की तिला बसवेना आणि ती आडवी झाली. बर्फावर पाठ टेकून, आभाळाकडे बघत, पाण्याच्या वर, कसालची ती सुक्या बाजारातली सून हसत होती.

"तुळसाकाकी!" ती तिथूनच ओरडली. "नारळ घेतल्यान नाय कशे? बघा, परत दिल्यान!"

तुळसाकाकीने एक क्षण विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "व्हय गो! दर्या घेता, हो देव परत देता. परसाद आसा तो! चला गो, देव पावलो!"

मग काय, पाटी उलटली की बांगडे पसरतात तशा आमच्या बायका तळ्यावर पसरल्या. कुणी एकमेकींचा पदर धरून आगगाडी केली, आणि पुढची पडली की सगळी गाडी पडायची. वर्षालीने तिथल्या एका पोरीकडून लोखंडी पट्टे मागून पायाला बांधले. उभी राहिली, नितेशच्या मफलरला लोंबकळली, तोही पडला. "शिरा पडली तुझ्या शिकवण्यार!" म्हणून वर त्यालाच ओरडली. सुभद्राआजी घोंगडीवर बसली आणि दोघींना म्हणाली, "ओढा माका. जल्मभर मीच पाट्यो ओढलंय."

आणि मग फुगडी! बर्फावर फुगडी घालून बघा कधी. किशोरी आणि वर्षाली हात धरून फिरायला लागल्या आणि थांबताच येईना. पाय थांबले तरी बर्फ फिरवत होता. पहाडातली पोरं आपलं घसरणं सोडून गोल करून बघत उभी राहिली. एक तिथली बाई चहाची किटली घेऊन आली होती, ती हातातली किटली विसरली.

दुपारी सगळ्या दमून काठावर बसल्या तेव्हा प्रसाद वाटायची वेळ आली. प्रसाद म्हणजे मी. नितेश कुऱ्हाड घेऊन माझी साल काढायला पुढे झाला. मी सांगतो, बर्फाने झालो नव्हतो तेवढा त्या वेळी मी गार झालो.

"नको!" हे किशोरी बोलली. माझ्याकडे रागाने बघणारी किशोरी. तिने मला पोटाशी धरलं. "हो घराक येतलो. लावतलंय मी ह्येका."

"बर्फात्सून काढललो नारळ रुजता काय गो?" सुभद्राआजी म्हणाली.

"रुजतलो," उर्वशी म्हणाली.

परतीच्या प्रवासात मी पुन्हा त्याच फ्रॉकात होतो. पण गाठ नव्हती. गाडीत उर्वशी खिडकीशी बसली, आणि किशोरी पहिल्यांदाच मान टेकून झोपली. लाल हातमोजा मात्र तिच्या मुठीत होता.

घरी आल्यावर पार्वतीने धक्क्याच्या वर, जिथून होडी दिसते, तिथे खड्डा काढला. खाली वाळू, मीठ, राख. मला जरा कलतं ठेवलं. म्हणूनच मी वाकडा आहे, माझा स्वभाव काही वाकडा नाही.

जून आला. शाळेचा पहिला दिवस. खाडीचं पाणी गढूळ, भरतीचं. उर्वशी नवा गणवेश घालून होडीत बसली आणि किशोरीने काठावरून तिचा हात धरला तो धरलाच. होडी सुटली, हात काही सुटेना. मध्ये पाणी वाढत चाललं.

"किशोरे, एकतर ये, नायतर सोड!" लवूकाका ओरडला. "चेडवाक फाडून दोन करतस काय?"

किशोरी होडीत उडी मारून बसली! पोरं खो-खो हसली. त्या दिवशी ती शाळेच्या पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी तिला खिचडीचे तांदूळ निवडायला दिले. बाळा संध्याकाळी विचारायचा, "आज कोण कोण शाळेक गेली?" पण तिला हसायचा नाही. होडीत ती बसतेय, हेच त्याला पुष्कळ होतं.

मग एका सकाळी ती मला बघायला खड्ड्याशी आली. माझा कोंब वर आला होता. हिरवा, टोकदार, बोटभर. ती गुडघ्यावर बसली आणि बघतच राहिली. बर्फात घातलेला, फेकलेला, आपटलेला नारळ, आणि बघा! मागून पोरांचा गलका आला. ती वळेपर्यंत उर्वशी एकटीच धक्क्यावरून उतरून होडीत बसली होती.

"आये!" पोरीने दोन्ही हात वर केले, मोकळे. "बघ!"

किशोरी उठली नाही. मला वाटलं, आता धावेल. तिने माझ्या शेजारची माती घट्ट धरली. मग कमरेला खोचलेला तो लाल हातमोजा काढला आणि हलवला. होडी पलीकडे लागेपर्यंत हलवत राहिली. पोरीचा ठिपका शाळेच्या वाटेला लागला, तेव्हा तिने मोठा श्वास सोडला. माझा कोंब हलला त्याने.

तिची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. आईची भीती कुठे जाते? अजूनही संध्याकाळी होडी यायच्या वेळेला ती माझ्या बुंध्याला टेकून उभी असते. पण तेव्हापासून ती वाट बघते, गाठ मारत नाही. यात काय फरक आहे ते ज्याला कळलं त्याला कळलं.

याला आता पुष्कळ पावसाळे झाले. दोन हजार दहा साल चालू आहे. उर्वशी नववीत आहे. पोहते अशी की लवूकाका होडी बांधताना तिलाच दोर घेऊन पाण्यात पाठवतो. पार्वती थकली आहे, पण टोमणे तसेच. परवा किशोरीला म्हणाली, "तुझो बर्फातलो झील वयात इलो गो!" झील म्हणजे मुलगा, आणि तो मीच, कारण यंदा मला पहिली पोय फुटली, म्हणजे फुलोरा आला. आता शेंड्यात बारके बारके नारळ धरलेत.

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मला झोप नाही. वारा सुटला की भीती, वारा पडला तरी भीती. एखादा खुडून तर पडणार नाही ना? खाली कुणी उभं नाही ना? झावळ्या आवळून धरतो मी त्यांना. खालून किशोरी वर बघते आणि हसते. तिला सगळं समजतं.

धरून ठेवायचं नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलोय. देठ एक दिवस सुटणार. म्हणून आज मीच गाऱ्हाणं घालतो. वाचणाऱ्यांनी शेवटी साथ द्यायची आहे, माघार घ्यायची नाही.

हे बा खाडीच्या, दर्याच्या आणि त्या घट्ट तळ्याच्या देवा म्हाराजा! हो वाकडो माड तुका हात जोडता. माझो पयलो नारळ पडात तेव्हा तेका बघून पडूचे डोळे दी. तेका कोणी सोलूक नको, किसूक नको. कोणीतरी तेका असोलोच पिशयेत घालून लांब, लांब न्हेव दी. तेका पण एकदा बर्फार घसारू दी. आणि हातातसून सोडताना सोडणाऱ्याचो हात थरथरलो तर थरथरू दी, पण सुटू दी म्हाराजा!

म्हणा आता सगळ्यांनी...

व्हय म्हाराजा!